पौर्णिमेपुरता लांडगा: घरीच करा वेअरवुल्फचा ड्रेस

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॅन्सी ड्रेसचा मेसेज येतो तो बहुतेक वेळा गुरुवारी संध्याकाळी, आणि कार्यक्रम असतो शनिवारी सकाळी. मग घरात एकच चर्चा. आईच्या मनात झाशीची राणी असते. बाबांना शेतकरी सोपा वाटतो, कारण धोतर आणि फेटा कपाटात आहेच. आजीला कृष्ण हवा असतो. आणि ज्याला किंवा जिला प्रत्यक्ष स्टेजवर उभं राहायचं आहे, त्या आठ वर्षांच्या जिवाचं एकच म्हणणं असतं, "मला वेअरवुल्फ व्हायचंय."

"हे काय भलतंच!" असं म्हणून झालं की आपण मोबाइलवर शोधायला लागतो. तिथे डोक्यापासून पायापर्यंत फरचा सूट आणि रबरी मुखवटा दिसतो, खाली किंमतही दिसते. आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात तो सूट घालून मूल दहा मिनिटंही टिकत नाही. रडतं, मुखवटा ओढून काढतं, आणि फोटोत राहतो फक्त घामाघूम चेहरा.

पण आनंदाची गोष्ट अशी की, घरी करायला वेअरवुल्फइतकं सोपं दुसरं भयानक पात्र शोधून सापडणार नाही. कारण तो पूर्ण लांडगा नसतोच. तो अर्धा माणूस असतो. आणि माणूस तर आपल्या घरात तयारच आहे!

आधी याची ओळख करून घेऊ

वेअरवुल्फ हा युरोपातल्या लोककथांमधला. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष, 'वुल्फ' म्हणजे लांडगा. दिवसा चारचौघांसारखा, पण ठरावीक रात्री लांडगा होणारा माणूस. आपल्या मुलांना तो माहीत झाला सिनेमांमुळे. वरुण धवनचा 'भेडिया' २०२२ मध्ये आला. त्यांच्या आईबाबांना कदाचित १९९२ चा 'जुनून' आठवत असेल. त्यात राहुल रॉय पौर्णिमेच्या रात्री वाघ होतो.

पण ड्रेस करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा सिनेमा त्याहून कितीतरी जुना आहे. १९४१ चा हॉलिवूडपट 'द वुल्फ मॅन'. लॉन चेनी ज्युनियर हा त्यातला नट आणि जॅक पियर्स हे मेकअप करणारे. पियर्स यांनी याकचे केस चिकटवून त्याचा लांडगा केला. गंमत अशी की त्या सिनेमात वेअरवुल्फच्या अंगावर साधा शर्ट आणि पँट आहे. केस दिसतात ते चेहऱ्यावर, हातांवर आणि पायांवर. तो पहिल्यांदा बदलतो तेव्हा तर कॅमेरा फक्त त्याची पावलं दाखवतो. तेवढ्यावर त्या काळचे प्रेक्षक घाबरले.

आपल्यालाही हेच करायचंय. सगळं अंग झाकायचं नाही. माणसाचे कपडे तसेच ठेवायचे आणि चार-पाच ठिकाणांहून लांडगा डोकावू द्यायचा.

काय काय लागेल?

- गेल्या वर्षीचा, आता आखूड झालेला फुल बाह्यांचा सुती शर्ट. चेक्सचा असेल तर फारच छान.
- जुनी जीन्स किंवा पँट.
- करड्या, तपकिरी आणि काळ्या रंगाची लोकर, सगळी मिळून साधारण १५० ग्रॅम. किंवा अर्धा मीटर फरचं कापड.
- कांदे-बटाटे ज्या जाळीच्या पिशवीत येतात, तशा दोन पिशव्या, स्वच्छ धुऊन.
- जुना हेअरबँड, पुठ्ठा, जुने हातमोजे, थोडं इलॅस्टिक आणि वेल्क्रो.
- क्रोशाची सुई, साधी सुई-दोरा, कात्री, जुना कंगवा.
- चेहऱ्यासाठी काजळ पेन्सिल आणि लहान मुलांचा फेस पेंट.

यातलं बरंचसं घरातच निघेल. लोकर नसेल तर आजीच्या किंवा मावशीच्या पिशवीत डोकावा. अर्धवट राहिलेल्या स्वेटरचे गुंडे हमखास सापडतात. मात्र घेण्याआधी विचारा!

शर्ट: फाडा, पण हिशेबाने

शर्ट आखूडच हवा. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, खांद्यावर कापड ताणलं गेलं, की आतला प्राणी वाढतोय असं आपोआप वाटतं. "घेतला आणि सहा महिन्यांत लहान झाला" म्हणून ज्या शर्टाच्या नावाने आपण हळहळत होतो, त्याचा हा सोन्याचा दिवस.

आधी शर्ट मुलाला घालून खडूने खुणा करा. दोन्ही खांदे, एक कोपर आणि छातीची एक बाजू एवढं पुरे. मग शर्ट काढून घ्या. प्रत्येक खुणेवर कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरचा छेद द्या आणि पुढे हातानेच फाडा. कात्रीने पूर्ण कापलेली कड शिंप्याच्या टेबलावरची वाटते. हाताने फाडलेली खरी वाटते. कडेचे चार-पाच दोरे ओढून सोडून द्या. हे काम मुलांना द्या. कपडे फाडल्याबद्दल शाबासकी मिळण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुन्हा कधी येणार?

फिकट रंगाचा शर्ट मळका करायला चहासारखा रंग नाही. दोन लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, गाळा आणि कोमट झाल्यावर शर्ट अर्धा तास त्यात बुडवून ठेवा. वाळवताना मुद्दाम चुरगळून ठेवा. शर्ट गडद असेल तर चहा दिसणार नाही. त्यावर कोरडी मुलतानी माती चोळून झटका, रानातून पळून आल्यासारखा दिसेल.

लोकरीची फर

हे काम वेळ खातं, पण टीव्हीसमोर बसून होण्यासारखं आहे. सात-आठ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्या. तिच्याभोवती लोकर गुंडाळा आणि एका कडेने कापा. सारख्या लांबीचे तुकडे मिळतील. जाळीचा शर्टाच्या भोकापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठा तुकडा कापा.

आता लोकरीचे तीन तुकडे एकत्र धरून मधोमध दुमडा. दुमडलेलं टोक क्रोशाच्या सुईने जाळीतून ओढा. त्याचा जो फासा तयार होतो, त्यातून मोकळी टोकं घालून घट्ट ओढा. झाली एक बट. अशा बटा बोटभर अंतरावर लावत जा. सुरुवात खालच्या ओळीपासून करा, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीच्या गाठी झाकत जाते. शेवटी जुन्या कंगव्याने विंचरा. लोकरीचे पीळ सुटतात आणि ती खऱ्या केसांसारखी फुलते.

रंगांचं काय? सिनेमातला वेअरवुल्फ बहुधा काळाकुट्ट असतो, पण आपला भारतीय लांडगा तसा नाही. महाराष्ट्रातल्या सोलापूर, पुण्याकडच्या माळरानांवर, तसंच राजस्थान, गुजरात, कर्नाटकातल्या गवताळ भागांत तो राहतो. त्याचा रंग मातकट करडा असतो, पाठीवर काळसर छटा असते, आणि हिमालयातल्या लांडग्यापेक्षा त्याचे केस आखूड असतात. म्हणून तपकिरी आणि करडी लोकर जास्त घ्या, काळी फक्त मधूनमधून. एकाच रंगाची फर खेळण्यातल्या अस्वलासारखी दिसते. रंग मिसळले की त्यात जीव येतो.

तयार फरचं कापड वापरणार असाल तर ते उलट्या बाजूने, फक्त मागचं कापड कापलं जाईल असं ब्लेडने कापा. हे मोठ्यांनीच करायचं. सरळ कात्री चालवली तर केसही कापले जातात आणि कड टक्कल पडल्यासारखी दिसते. लावताना केसांची दिशा खाली हवी.

फरचे तुकडे शर्टाच्या आतून, भोकांच्या मागे मोठ्या टाक्यांनी शिवा आणि केस भोकातून बाहेर ओढा. आत सुती बनियन असू द्या, म्हणजे गाठी टोचणार नाहीत.

कान, दाढी, हात आणि पाय

कानांसाठी पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापा, उंची आठ सेंटिमीटर आणि तळ सहा. त्यांना फर किंवा लोकर लावून हेअरबँडवर थोडे बाजूला बसवा. अगदी डोक्यावर आणि जवळजवळ लावले तर ससा होतो!

दाढी म्हणजे फरची चार सेंटिमीटर रुंद पट्टी. एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत. तिची दोन्ही टोकं हेअरबँडला वेल्क्रोने लावा. गळ्याशी गाठ नको. कुणी मागून ओढलं, कुठे अडकलं, तर पट्टी आपोआप सुटली पाहिजे. दिल्ली, डेहराडून, शिमल्याकडच्या वाचकांसाठी आणखी सोपा उपाय आहे, माकडटोपी. चेहऱ्याच्या कडेने लोकरीच्या बटा लावल्या की आयाळ तयार. चेन्नई-मुंबईकरांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

हातमोज्यांची बोटं अर्ध्यावर कापा आणि पाठीवर फर शिवा. बोटांची टोकं उघडी राहिली की मुलाला माइक धरता येतो, पाण्याची बाटली उघडता येते आणि बाथरूममध्ये कुणाची मदत लागत नाही. नखं काळ्या नेलपेंटने रंगवा. कडक प्लॅस्टिकची टोकदार नखं नकोत. खेळता खेळता शेजाऱ्याच्या डोळ्याला लागतात.

पायांसाठी फरचे दोन तुकडे बुटांच्या वरच्या बाजूला इलॅस्टिकने बसवा. बुटाचा तळ मोकळा हवा. बुटावरून मोजे चढवले तर गुळगुळीत स्टेजवर पाय घसरतो. शेपटी लावू नका. 'द वुल्फ मॅन'लाही ती नव्हती, आणि मागच्या मुलाचा पाय तिच्यावर पडणार हे ठरलेलं.

चेहरा उघडाच ठेवा

मुखवट्यात श्वास कोंडतो, बाजूचं दिसत नाही आणि मुलाचा आवाज आतच राहतो. त्यापेक्षा रंग बरा. केरळात त्रिशूरच्या पुलीकळीत किंवा मंगळुरूकडच्या हुलीवेषात अंगावर पट्टे रंगवून माणसाचा वाघ होतो. तिथल्या मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको.

भुवया जाड करून कानशिलाकडे वर न्या. नाकाचा फक्त शेंडा काळा करा. नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी सावली द्या. गालाच्या हाडापासून जबड्याकडे, फर वाढल्यासारख्या छोट्या छोट्या रेघा ओढा. खालच्या ओठाच्या कोपऱ्यांवर पांढरे दोन सुळे रंगवून त्यांना काळी कड द्या. प्लॅस्टिकचे दात लहान मुलांच्या तोंडात नकोतच. आणि हो, गालावर मिश्यांच्या आडव्या रेघा ओढू नका. त्या ओढल्या की लांडग्याचं मांजर होतं.

रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तो वापरू नका. काढताना खोबरेल तेलाचा कापूस फिरवा आणि मग सौम्य साबणाने चेहरा धुवा.

इथे मात्र तडजोड नाही

- चेहऱ्यावर पोस्टर कलर, ऑइल पेंट किंवा कुठलाही गोंद नको.
- झटपट चिकटवणारा सुपरग्लू लोकरीवर किंवा सुती कापडावर वापरू नका. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट कापूस आणि लोकरीच्या संपर्कात आलं की झपाट्याने तापतं. त्याने त्वचा भाजू शकते. सगळं शिवा, चिकटवू नका.
- लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते आणि फर पॉलिस्टरची. दोन्ही पेट घेतात आणि वितळून त्वचेला चिकटतात. हा ड्रेस घालून पणती, मेणबत्ती, फुलबाजी यांच्या जवळ जायचं नाही. दिवाळी तोंडावर असते म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.
- ड्रेस कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी घाला, घरून घालून निघू नका.

घरातल्या धाकट्याचं काय?

मोठ्याचा वेअरवुल्फ होतो तेव्हा तीन वर्षांचं धाकटं भावंडं कोपऱ्यात जाऊन रडतं. "अगं, दादाच आहे तो!" म्हणून आपण हसतो. पण त्याची भीती खोटी नसते. ऱ्हेटा डेव्ह्रीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचं मांजर दाखवलं आणि मग त्याला कुत्र्याचा मुखवटा घातला. लहान मुलांपैकी बऱ्याच जणांना ते आता खरंच कुत्रा झालंय असं वाटलं. सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना मात्र कळत होतं की वरचं रूप बदललं तरी आत मांजरच आहे.

म्हणून मेकअप बंद खोलीत करू नका. धाकट्याला शेजारी बसवा. रंगाचा एक ठिपका त्याच्याही नाकावर लावा. कान त्याच्या हातात द्या, काढू द्या, घालू द्या. दादा कसा बदलतो आणि कसा परत येतो, हे डोळ्यांसमोर घडलं की भीती ओसरते.

स्टेजवरची दोन मिनिटं

मूल अंगावर शाल घेऊन, कान झाकून स्टेजवर येऊ दे. वेअरवुल्फची सगळी मजा बदलण्यात आहे, त्यामुळे शाल पडण्याचा क्षण हाच खरा कार्यक्रम. बोलायला चार वाक्यं पुरतात:

"दिवसा मी तुमच्यासारखाच असतो. डबा खातो, होमवर्क विसरतो. पण आज पौर्णिमा आहे... (शाल टाकून) आऊऊऊ! घाबरलात? अहो, खरा लांडगा चंद्राला बघून ओरडत नाही, तो आपल्या कळपाला हाक मारतो. मीही मारतो... आई, पाणी!"

मुलगी असेल तर 'मारते' म्हणा, बाकी सगळं तेच. वेळ असेल तर शेवटी आणखी एक वाक्य घालता येईल: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलंय, म्हणजे वाघाइतकंच. गोष्टींमध्ये कायम खलनायक झालेल्या या प्राण्याच्या बाजूने एक वाक्य बोललं जाईल.

आणि शाळेत फॅन्सी ड्रेस नसेल तर? वेअरवुल्फला पौर्णिमा लागते, आणि पौर्णिमेला जमायची रीत आपल्याकडे आहेच. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटत असतं, उत्तरेत शरद पौर्णिमेची खीर चांदण्यात ठेवलेली असते, बंगालमध्ये त्या रात्री लक्ष्मीपूजा असते. सोसायटीतल्या हॅलोविन पार्टीला, ३१ ऑक्टोबरला, चंद्र असेलच असं नाही. कोजागरीला मात्र तो पुरेपूर असतो. फक्त दुधाच्या शेगडीपासून लांडग्याला लांब ठेवा.

शेवटची ट्रायल

ड्रेस पूर्ण झाला की एक गोष्ट नक्की तपासा. मुलाला तो स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय अर्ध्या मिनिटात काढता येतो का? कान, दाढी, हातमोजे, शर्ट, सगळं. येत नसेल तर बटणांच्या जागी वेल्क्रो लावा आणि पुन्हा बघा.

गोष्टीतल्या वेअरवुल्फचं दुःख लांडगा होण्यात नाही. कधी बदलायचं आणि कधी परत यायचं, हे त्याच्या हातात नसतं, हे त्याचं दुःख. आपल्या मुलांचंही बऱ्याचदा तसंच होतं. ड्रेस आपण ठरवतो, आपण घालतो, आपण फोटो काढतो आणि "अजून पाच मिनिटं थांब" असंही आपणच म्हणतो. निदान या एका ड्रेसमध्ये ती सत्ता त्यांच्याकडे राहू द्या. हवं तेव्हा गुरगुरावं, नको झालं की कान काढून खिशात ठेवावेत आणि दूध प्यायला यावं.